खोटे क्लिक आणि निरपराध खातेदार

वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावयाची तर ती किती जागा व्यापते यावरून तिचा दर ठरतो. मग ती कोणी वाचो अथवा न वाचो. इंटरनेटवर मात्र १९९८ सालीं अमेरिकेंतील गोटू नांवाच्या कंपनीनें निराळी रीत पाडली. जाहिरात कोणी क्लिक करून उघडली, तरच जाहिरातदारानें पैसे द्यावे. पुढें २००३ सालीं गूगलची अ‍ॅडसेन्स योजना निघाली, आणि लहान संकेतस्थळाच्या मालकासही त्या पैशांतून वांटा मिळूं लागला.

समजा, आपल्या वटारमधील एखाद्या बागायतदारानें सोनचाफ्याच्या रोपांची जाहिरात दिली, आणि वसईच्या जुन्या विहिरींविषयीं लिहिणाऱ्या एका तरुणाच्या संकेतस्थळावर ती झळकली. वाचकानें क्लिक केलें कीं बागायतदाराच्या खात्यांतून कांहीं रुपये जातात. त्यांतील कांहीं कंपनी ठेवते व बाकीचे त्या तरुणास मिळतात. व्यवहार सरळ आहे. परंतु क्लिक करणारास रोपें खरोखर हवीं होतीं कीं नाहीं, हें त्या क्लिकवर लिहिलेलें नसतें, आणि सर्व घोटाळा येथूनच उद्भवतो.

२००४ सालच्या मे महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियानें असें वृत्त दिलें होतें कीं, आपल्या देशांतील महानगरांत गृहिणी व पदवीधर तरुण घरबसल्या जाहिरातींवर क्लिक करून महिन्याकाठीं शंभर ते दोनशें डॉलर मिळवितात. हे पैसे कोणाच्या खिशांतून येत, हें सांगणें नलगे. खोट्या क्लिकांचा भुर्दंड सोसणाऱ्या जाहिरातदारांनीं अमेरिकेंत खटला भरला, तेव्हां २००६ सालीं गूगलनें नऊ कोटि डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करून तो मिटविला.

ह्या लबाडीस आळा घालण्यासाठीं कंपनी प्रत्येक क्लिक तपासून पाहते, आणि संशय बळावला म्हणजे संकेतस्थळाच्या मालकाचें खातेंच बंद करते. हाच बंदोबस्त मत्सरी माणसाच्या हातीं शस्त्र झाला आहे. आपल्या त्या तरुणाचें बरें चाललेलें ज्यास पाहवत नाहीं, तो त्याच्या संकेतस्थळावरील जाहिरातींवर एकामागून एक क्लिक करीत सुटतो, किंवा तेंच काम यंत्राकडून करवितो. त्यास स्वतःस दमडीही मिळत नाहीं. पण आळ येतो तो मालकावर. खातें जातें, आणि सांचलेली मिळकत जाहिरातदारांस परत केली जाते.

मग कंपनीनें आपली कसोटी उघड कां करूं नये? वरील खटल्याच्या निमित्तानें न्यूयॉर्क विद्यापीठांतील प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनीं ह्या प्रश्नाचा अभ्यास केला. खरा पेंच त्यांनींच दाखविला: कसोटी जाहीर केली तर लबाड लोक तिच्यांतून पळवाट काढणार, गुप्त ठेवली तर पैसे भरणारास न्याय झाला कीं नाहीं हें कळणार नाहीं. माझ्या मतें ह्या गुप्ततेचा सर्वांत अधिक जाच लहान मालकास होतो, कारण आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हेंही त्यास समजत नाहीं.

२०२४ पासून अ‍ॅडसेन्स मालकास मुख्यतः जाहिरात किती वेळां दिसली यावरून पैसे देते. तथापि खोट्या क्लिकांविषयींचा नियम तसाच आहे.

पालकांस एक विनंति. आपल्या मुलानें असें संकेतस्थळ काढलें असेल, तर त्याच्या कौतुकापोटीं मामानें किंवा आत्यानें रोज जाहिरातींवर क्लिक करूं नये. यंत्रास प्रेम आणि मत्सर यांतील भेद कळत नाहीं. मालकानेंही स्वतःच्या जाहिरातीस हात लावूं नये. क्लिकांची संख्या एकाएकीं वाढलेली दिसली, तर जाहिराती कांहीं दिवस काढून ठेवाव्या, कोणत्या वेळीं कोठून किती भेटी झाल्या याची नोंद जपून ठेवावी, आणि कंपनीनें विचारण्यापूर्वींच तिला कळवावें. खातें बंद झालेंच, तर फेरविचाराचा अर्ज करतां येतो. त्या वेळीं ह्याच नोंदी कामीं येतात.