ओपिऑइडचे व्यसन आणि निवासी डॉक्टरांचा दवाखाना

हेरॉईन, फेंटानिल यांसारख्या ओपिऑइडच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. मेंदूतील ज्या ग्राहींवर ही द्रव्ये काम करतात त्यांनाच ते घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच उद्दीपित करते. त्यामुळे तलफ शमते आणि एका मर्यादेपुढे मात्रा वाढली तरी श्वास मंदावण्याचा धोका फारसा वाढत नाही.

अमेरिकेत २००२ साली या उपचारासाठी त्याला मान्यता मिळाली. मात्र ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना आठ तासांचे प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी सक्तीची होती. व्यसन लावू शकणाऱ्या वेदनाशामक ओपिऑइडसाठी अशी परवानगी लागत नव्हती. ही विसंगती रुग्णांना महागात पडली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्या परवानगीची अट रद्द झाली.

निवासी डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली हे उपचार शिकतात. खरी कसोटी पहिल्या गोळीची. शरीरात ओपिऑइडचा अंमल असताना ती दिली तर रुग्णाला अचानक तीव्र त्रास सुरू होतो. म्हणून अंमल कितपत उतरला हे ठरवायला आधी नाडी, बाहुल्यांचा आकार, घाम, जांभया, अंगावरचा काटा पाहून गुण मांडतात. पुरेसे गुण भरल्यावरच गोळी जिभेखाली ठेवली जाते.

अडचण पुढे येते. निवासी डॉक्टर साधारण तीन वर्षांत निघून जातो, उपचार मात्र अनेक वर्षे चालू शकतात आणि मध्येच थांबले तर अतिसेवनाने मृत्यूचा धोका वाढतो. मॅसॅच्युसेट्समध्ये रूढ झालेल्या पद्धतीत प्रशिक्षित परिचारिका रुग्णाचा पाठपुरावा करते. डॉक्टर बदलले तरी ती तीच राहू शकते.