माजी सैनिकांचे कँटीन : सवलत कोठून येते आणि कोणापर्यंत पोहोचते?

देशाच्या सीमेवर उमेदीची वर्षे वेचून घरी परतलेल्या सैनिकाचे ऋण समाजाने कसे फेडावे, या प्रश्नाला प्रत्येक देशाने आपापल्या परीने उत्तर दिले आहे. निवृत्तिवेतन आणि औषधोपचार ही त्या उत्तरातील मोठी कलमे होत. परंतु घरखर्चाशी थेट निगडित असलेले आणखी एक छोटे कलम आहे, ते म्हणजे खरेदीवरील सवलत. साबण, चहा, मिक्सर, पंखा, दुचाकी अशा वस्तू सैनिकाच्या कुटुंबाला बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाव्यात, अशी ही व्यवस्था. आपल्याकडे ती 'मिलिटरी कँटीन' या नावाने सर्वपरिचित आहे. नाव सर्वांना ठाऊक असले, तरी ही सवलत नेमकी कोठून येते, तिचा खरा हक्कदार कोण आणि ती कोणाच्या हातून निसटते, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा थोडक्यात परामर्श घेऊ या.

व्यवस्थेचा उगम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, हिंदुस्थानातील फौजेला किफायतशीर दरात माल पुरविण्यासाठी कँटीनची सरकारी व्यवस्था उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर, १ जानेवारी १९४८ रोजी, तिच्या जागी 'कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट' हे खाते स्थापन झाले. सैनिकी बोलीत त्याला 'सीएसडी' म्हणतात. हे खाते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्याचे मुख्यालय मुंबईत महर्षी कर्वे मार्गावरील 'अडेल्फी' या इमारतीत आहे. दररोज चर्चगेटला जा-ये करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना याची कल्पनाही नसेल.

या खात्याचे दोन स्तर ध्यानात घेतले म्हणजे पुढील सारा व्यवहार समजणे सोपे जाते. पहिला स्तर स्वतः सीएसडीचा. हे खाते कारखानदारांकडून घाऊक माल विकत घेते आणि देशभरातील आपल्या ३४ क्षेत्रीय डेपोंमार्फत तो पुढे पाठविते. दुसरा स्तर 'युनिट रन कँटीन' म्हणजे पलटणीने चालविलेल्या कँटीनांचा. अशी कँटीने देशात साडेतीन हजारांहून अधिक आहेत. आपण ज्या दुकानात रांगेत उभे राहतो, ते दुकान या दुसऱ्या स्तरातील असते. पहिला स्तर सरकारी खाते आहे, दुसरा मात्र पलटणीच्या निधीतून चालतो. हा भेद केवळ कागदोपत्री नाही, हे पुढे दिसून येईल.

स्वस्ताईचे गणित

कँटीनमधील माल दुय्यम प्रतीचा असतो म्हणून तो स्वस्त मिळतो, अशी एक समजूत आहे, ती चुकीची होय. माल नामांकित कंपन्यांचाच असतो. स्वस्ताईची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण घाऊक खरेदीचे. सुमारे पाच हजार प्रकारच्या वस्तू हे खाते थेट उत्पादकाकडून घेते. मधले वितरक व घाऊक व्यापारी यांचा नफा त्यामुळे वगळला जातो. एवढे मोठे आणि खात्रीचे गिऱ्हाईक मिळत असल्याने कंपनीही दर कमी करते. दुसरे कारण म्हणजे नफ्याचे अल्प प्रमाण. खाते व कँटीन दोघेही थोडा नफा ठेवतात आणि कँटीनच्या वाट्याला येणारा नफा पलटणीच्या कल्याणकार्यासाठी वापरला जातो.

तिसरे कारण कराचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा सीएसडीसाठी एक खास तरतूद करण्यात आली. हे खाते माल विकत घेताना जो कर भरते, त्याचा अर्धा भाग सरकार त्याला परत करते. पुढे खात्याकडून कँटीनला आणि कँटीनकडून हक्कदार ग्राहकाला होणाऱ्या विक्रीवर हा कर आकारला जात नाही. याचा अर्थ असा की, सैनिकाच्या कुटुंबावर कराचा निम्माच भार पडतो. उरलेला निम्मा भार सरकार, म्हणजे पर्यायाने आपण सर्व करदाते उचलतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. करापूर्वी १०० रुपये किंमत असलेल्या वस्तूवर १८ टक्के कर असेल, तर बाजारात ती ११८ रुपयांना पडेल. कँटीनमध्ये कराचा भार ९ रुपयांवर येतो. केवळ करापोटी ९ रुपयांची बचत झाली. घाऊक दराचा लाभ त्याखेरीज.

आता या गणितातील एक अलीकडचा बदल पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने या कराचे दर बदलले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, शांपू अशा नित्योपयोगी वस्तूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सर्वसामान्य जनतेला हा मोठाच दिलासा होय. परंतु कँटीनच्या दृष्टीने पाहिले, तर या वस्तूंवर करापोटी होणारी बचत शेकडा ९ रुपयांवरून अडीच रुपयांवर घसरली. माल महागला नाही, उलट स्वस्तच झाला. बाजार व कँटीन यांच्या दरांतील अंतर मात्र आक्रसले. लहान मोटारगाड्या, वातानुकूलन यंत्रे, मोठे दूरचित्रवाणी संच यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला असला, तरी तेथे शेकडा ९ रुपयांची बचत अद्याप होते. तात्पर्य, यापुढे कँटीनचा खरा लाभ मोठ्या खरेदीत अधिक आणि किरकोळ किराणा मालात कमी राहील.

हक्कदार कोण?

सेवेत असलेले सैनिक, निवृत्त सैनिक, सैनिकांच्या विधवा आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय हे या व्यवस्थेचे मुख्य हक्कदार होत. त्यासाठी स्मार्ट कार्ड दिले जाते. किराणा मालाचे कार्ड वेगळे आणि मद्याचे वेगळे असते. दरमहा किती रुपयांची खरेदी करता येईल, याची हुद्द्यानुसार मर्यादा ठरलेली असते. मोटारगाडी, दुचाकी, दूरचित्रवाणी संच यांसारख्या मोठ्या वस्तू आगाऊ मागणी नोंदवून मिळतात. त्यांच्या नोंदणीसाठी जानेवारी २०२१ मध्ये इंटरनेटवर स्वतंत्र सोय करण्यात आली. गाडी कितीवेळा आणि कोणत्या किमतीपर्यंतची घेता येईल, यावर २०१९ साली निर्बंध घालण्यात आले. त्यामुळे खरेदीपूर्वी चालू नियमांची चौकशी करणे हिताचे ठरते.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या निमलष्करी दलांतील जवानांची व्यवस्था वेगळी आहे. त्यांच्यासाठी 'केंद्रीय पोलीस कल्याण भांडार' आहे. गणवेश पाहून आपण सर्वांना 'मिलिटरीवाले' म्हणतो. परंतु एका व्यवस्थेचे कार्ड दुसऱ्या व्यवस्थेत चालेल, असे गृहीत धरू नये.

यापेक्षाही गंभीर प्रश्न अग्निवीरांचा आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तरुणांची भरती चार वर्षांसाठी होते. सेवेत असेतोवर त्यांना कँटीनची सोय आहे. परंतु त्या वेळी जाहीर झालेल्या अटींनुसार, चार वर्षांनंतर जे कायम केले जाणार नाहीत, त्यांना ना निवृत्तिवेतन, ना माजी सैनिकाचा दर्जा, ना कँटीनची सवलत. आपला मुलगा वा भाचा या भरतीची तयारी करीत असेल, तर सेवेनंतर कोणते लाभ मिळतील आणि कोणते मिळणार नाहीत, हे त्याला अगोदरच नीट समजावून सांगितले पाहिजे. चार वर्षे छातीवर वारा झेलून आलेला तरुण कँटीनच्या दारातून परत फिरावा, याचे दुःख काही रुपयांच्या बचतीपुरते नसते.

अमेरिकेतील पद्धत

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे दोन वाटा आहेत. एक आपल्यासारखीच, म्हणजे लष्करी दुकानांची. ती दीर्घकाळ मुख्यतः सेवेतील व पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्या सैनिकांसाठी राखीव होती. नोव्हेंबर २०१७ पासून सन्मानाने सेवामुक्त झालेल्या सर्वच माजी सैनिकांना लष्करी 'एक्स्चेंज' दुकानांतून इंटरनेटद्वारे खरेदीची मुभा मिळाली. १ जानेवारी २०२० पासून सेवेत अपंगत्व आलेले सैनिक, माजी युद्धकैदी आणि जखमींची शुश्रूषा करणारे त्यांचे नोंदणीकृत कुटुंबीय यांना लष्करी तळांवरील दुकानेही खुली झाली.

दुसरी वाट खासगी दुकानदारांची. घरबांधणी व दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या 'होम डेपो' व 'लोज' या मोठ्या साखळ्या माजी सैनिकांना पात्र वस्तूंवर १० टक्के सूट देतात. त्यासाठी सैनिकाने आपल्या सेवेची पडताळणी एकदा करून घ्यायची असते. येथे सरकार कर सोडत नाही, सूट दुकानदार स्वतःच्या नफ्यातून देतो. साहजिकच ती दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून असते; तो ती केव्हाही कमी करू शकतो किंवा तिला मर्यादा घालू शकतो. खासगी सवलत ही सदिच्छा होय, कँटीनची सवलत हा नियमांनी बांधलेला लाभ होय. सदिच्छेचे स्वागत करावे, परंतु नियमानुसार मिळणारा लाभ दुर्लक्षू नये.

कोणापर्यंत पोहोचत नाही?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावातच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला आहे, इतके तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेले. महाराष्ट्रातील अशा गावांत निवृत्तांची संख्या मोठी आहे, पण कँटीन बहुधा छावणीच्या शहरात असते. महिन्याच्या किराणा मालावर वाचणारे पैसे गाडीभाड्यात आणि बुडालेल्या रोजंदारीत निघून गेले, तर ती सवलत कागदावरच राहते. वृद्ध सैनिकाला रांगेत उभे राहवत नाही. एकट्या राहणाऱ्या विधवेला तर आपला हक्क शाबूत आहे, याचीच पुष्कळदा माहिती नसते. पतीच्या निधनानंतर त्याचे कार्ड वापरत राहणे योग्य नव्हे, तथापि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आधारे तिला स्वतःच्या नावाचे कार्ड मिळू शकते. त्यासाठी साधारणतः पतीचे सेवामुक्तीचे पुस्तक, निवृत्तिवेतन आदेश, आधार व पॅन कार्ड आणि छायाचित्रे लागतात. जवळच्या कँटीनमध्ये किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा केल्यास मार्गदर्शन मिळते.

आणखी एक वर्ग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे कँटीनमध्ये काम करणाऱ्या नोकरवर्गाचा. वर उल्लेखिलेला दोन स्तरांचा भेद येथे जाणवतो. सीएसडीचे कर्मचारी सरकारी नोकर आहेत. पलटणीच्या कँटीनमधील कर्मचारी सरकारी नोकर मानावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला होता. २००९ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरविला. म्हणजे सरकारी सवलतीचा माल ज्याच्या हातून आपल्याला मिळतो, तो स्वतः सरकारी नोकरीच्या संरक्षणाबाहेर आहे. सवलत मागताना त्या माणसाशी आपण चार शब्द आदराने बोललो, तर बिघडणार नाही.

गैरवापराचा प्रश्न

'जरा तुमच्या कार्डावर घेऊन द्या' ही विनंती माजी सैनिकाला नातलग, शेजारी, ओळखीचे असे अनेकजण करतात. ती नाकारणे त्याला संकोचाचे वाटते. परंतु या मालातील कराचा अर्धा भार सार्वजनिक तिजोरीने उचललेला असतो, हे आपण पाहिले. ज्याचा हक्क नाही, त्याने हा माल घेणे म्हणजे त्या तिजोरीतून घेणे होय, आणि नियमांचा भंग झाल्यास त्याचा जाब कार्डधारकालाच द्यावा लागतो. मद्याच्या बाबतीत तर प्रकरण अधिकच गंभीर. कँटीनमधील बाटली परवान्याविना विकणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. लग्नाच्या वा बारशाच्या मेजवानीसाठी असा 'कोटा' गोळा करण्याचा मोह टाळावा. ज्याने आयुष्यभर शिस्त पाळली, त्याला उतारवयात पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावणे हे आप्तांना शोभत नाही.

याच्या उलट बाजूची फसवणूकही होते. सैनिकाचा गणवेश घातलेले छायाचित्र आणि बनावट ओळखपत्र पाठवून, 'बदली झाली आहे, कँटीनची गाडी स्वस्तात विकायची आहे' असे सांगणारे भामटे आगाऊ रक्कम मागतात आणि ती मिळताच नाहीसे होतात. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय व कागदपत्रे तपासल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नयेत. गणवेशाविषयीचा आदर ही चांगली गोष्ट आहे, पण छायाचित्रातील गणवेश हा पुरावा नव्हे.

आपण काय करू शकतो?

वाचकहो, सवलतीचा प्रश्न शेवटी माहितीचा आणि सोबतीचा आहे. आपल्या धर्मग्रामात किती माजी सैनिक आहेत, त्यांच्यापैकी कितीजणांचे कार्ड चालू आहे, किती विधवांनी ते अद्याप काढलेलेच नाही, याची साधी नोंद केली, तरी कामाला सुरुवात होईल. अर्ज भरून देणे, कागदपत्रांच्या प्रती काढून देणे, कँटीनच्या दिवशी वृद्धांना सोबत करणे ही कामे युवक सहज करू शकतील. चार-पाच कुटुंबांनी एकाच वाहनातून जावे, प्रत्येकाने आपल्या कार्डावर आपलाच माल घ्यावा, म्हणजे गाडीभाडे विभागले जाईल. मोठी वस्तू घेण्यापूर्वी बाजारातील भावाशी तुलना करावी, कारण सणासुदीला खुल्या बाजारातील सूटही कधी कधी कँटीनच्या बरोबरीला येते.

कँटीनच्या पावतीवरील आकडा लहान असतो. परंतु तुटपुंज्या कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्या एखाद्या मातेच्या दृष्टीने त्या आकड्यात महिन्याचे औषध किंवा नातवाच्या वह्या असतात. तो आकडा तिच्यापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे.