नावाचे दप्तर हलवताना

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यात गेले. गावे जागची हलली नाहीत. हलली ती दप्तरे. तलमडुगूसारख्या सीमेवरच्या मंडलात राहणाऱ्या मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इंटरनेटवरील डोमेन नावाचेही असेच असते.

संकेतस्थळाचे नाव माणसांसाठी असते. यंत्राला अंकी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. प्रत्येक नावाचे दप्तर सांभाळणाऱ्या यंत्रांना नेम सर्व्हर म्हणतात. दर वेळी त्यांना विचारावे लागू नये म्हणून मधली यंत्रे मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवतात. त्या मुदतीला टीटीएल म्हणतात. ती सेकंदांत मोजतात. ८६,४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. दप्तर बदलले, तरी मुदत संपेपर्यंत शिळे उत्तरच दिले जाते.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. परिसरातील जात्यावरच्या ओव्या जमवण्यासाठी मी एक छोटे संकेतस्थळ चालवतो. सेवादाता बदलताना नेम सर्व्हर आणि ईमेल दोन्ही एकाच दिवशी बदलले आणि चार दिवसांनी जुने खाते पुसून टाकले. मधल्या काळात तलमडुगूहून एका नातीने आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण पाठवले होते. ते शिळ्या नोंदीमुळे जुन्या पेटीत पडले आणि पेटीबरोबर गेले. तिने पुन्हा पाठवले. दोन ओव्या मात्र तिच्या फोनमध्येही उरल्या नव्हत्या. चूक माझीच होती.

मग योग्य क्रम कोणता? प्रथम जुन्या दप्तरातील सर्व नोंदी नव्या सर्व्हरवर उतरवाव्यात. संकेतस्थळाचा पत्ता सहसा कोणी विसरत नाही. ईमेलच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी हमखास राहतात. नंतर नव्या सर्व्हरला थेट प्रश्न विचारून उत्तरे ताडून पाहावीत. जुन्या नोंदींचा टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा आणि आधीची मुदत उलटेपर्यंत थांबावे. डीएनएसएसईसीची स्वाक्षरी असल्यास वरच्या दप्तरातील डीएस नोंद काढून तिचीही मुदत संपू द्यावी. एरवी नवी उत्तरे खोटी ठरू शकतात. मगच नोंदणीदाराकडे नेम सर्व्हर बदलावेत.

खरी मेख पुढे आहे. वरच्या दप्तरातील नेम सर्व्हरच्या नोंदीची मुदत आपल्या हाती नसते, ‘.कॉम’साठी ती १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. तोवर काही यंत्रे जुन्याकडे, काही नव्याकडे विचारणार. दोन्हीकडून एकच उत्तर मिळाले, तर कोणाचेही अडत नाही. म्हणून जुना सर्व्हर निदान आठवडाभर चालू ठेवावा, आणि संकेतस्थळ वा ईमेलचा पत्ता त्यानंतरच, स्वतंत्रपणे बदलावा. नवी घडी बसली की टीटीएल पुन्हा वाढवावा.

२०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययाखाली मराठीतही डोमेन घेता येते. नाव देवनागरी असले, तरी दप्तराचा नियम हाच. जुने दार लावण्यापूर्वी आत कोणी राहिले नाही ना, हे पाहणे आपलेच काम आहे.