धरणाचा तळ स्क्रीनवर उभा करणारं 'मायावी' नेमकं काय आहे?

समजा, कळंबच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे मांजरा धरणाच्या जलाशयाच्या खोलीचे हजारो आकडे आहेत. एक्सेलमध्ये ते कितीही वर-खाली केले तरी गाळ कुठं साचलाय ते कळणार नाही. तोच तळ उंचसखल जमिनीसारखा स्क्रीनवर दिसला, माऊसनं फिरवता आला, तर?

हे करणारं इंजिन जुनंच आहे. 1993 मध्ये विल श्रोडर, केन मार्टिन आणि बिल लोरेन्सन यांनी अमेरिकेत 'व्हीटीके' ही ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, लिहायला घेतली. भाषा सी प्लस प्लस. आकडे आत घ्या, गाळून घ्या, त्यांचे आकार बनवा, मग खिडकीत रंगवा. नळाचे पाइप जोडावेत तसा प्रत्येक टप्पा आपणच जोडायचा. ताकद प्रचंड, पण एका साध्या चित्रासाठी एवढा खटाटोप कोण करणार? पायथॉनमधूनही ती चालायची, पण लिहिण्याची धाटणी सी प्लस प्लसचीच.

इथं येतात प्रभू रामचंद्रन. ते आयआयटी मुंबईत एरोस्पेस विभागात प्राध्यापक आहेत. द्रव आणि वायूंचे प्रवाह संगणकावर अभ्यासणं हा त्यांचा विषय, त्यामुळे असली चित्रं त्यांना रोजच लागणार. त्यांनी 'मायावी' सुरू केलं. नाव आपलंच, वापर जगभर.

गंमत म्हणजे, 'मायावी'साठी व्हीटीके नव्यानं लिहिलेलं नाही. त्यावर 'टीव्हीटीके' नावाचा थर चढवला. व्हीटीकेतले शेकडो घटक एक प्रोग्राम स्वतःच वाचतो आणि त्यांची पायथॉनला साजेशी रूपं तयार करतो. नमपायमधले आकडे थेट आत जातात. खोली ठराविक अंतरावर मोजलेली असेल तर 'सर्फ' या एका आज्ञेत तळ उभा राहतो. होडीतून जमेल तिथं मोजली असेल, तर आधी बिंदू त्रिकोणांनी जोडावे लागतात. तेही काम व्हीटीकेच करतं.

सगळं फुकट आहे. डोकेदुखी वेगळीच. खालचं इंजिन बदललं की वरचा थरही बदलावा लागतो. 2013 च्या व्हीटीके 6 मध्ये माहिती आत देण्याची पद्धतच बदलली आणि जुने प्रोग्राम अडले. त्यामुळे 'मायावी' इन्स्टॉल होऊनही चित्र उमटत नसेल, तर आपल्या कोडला दोष देण्याआधी व्हीटीकेची आवृत्ती तपासा.