गावात राहण्याचे महिना 3,000 रुपये

पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास सापडते: कृषिकन्यांनी अमुक गावात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले. सोबत फोटो, मध्यभागी सरपंच. आपण पान उलटतो. पण यामागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला पैसे देऊन गावाच्या कामाला पाठवणाऱ्या एवढ्या पसरलेल्या सोयी आपल्याकडे फार नाहीत.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना गावात पाठवण्याचा हा आराखडा भारतीय कृषी संशोधन परिषदेचा. त्यामुळे अकोल्यात जो 'रावे' म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, तोच थोड्याफार फरकाने जबलपुरात. तिथले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय 1964 चे. विदर्भातल्या शेतकऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसेल, पण त्याचे जेएस 335 हे सोयाबीन त्याने वर्षानुवर्षे पेरले आहे.

पैशाचे गणित सोपे आहे. 'रावे' ज्यात येतो त्या, 2015 मध्ये सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' योजनेत बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला महिना 3,000 रुपये विद्यावेतन ठरले, जास्तीत जास्त सहा महिने. दिवसाला शंभर. 2024-25 मध्ये मध्य प्रदेशात मनरेगाची मजुरी 243 रुपये होती, यावरून अंदाज यावा. खोलीभाडे आणि जेवण यातच ते संपणार. प्रवास वेगळाच; मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळायला घेतले, तेव्हा खासगी बस नाहीतर कुणाची तरी मोटारसायकल.

परिषदेच्या पाचव्या डीन समितीने 'रावे'च्या वीस आठवड्यांची वाटणी केली. एक आठवडा तयारीचा, आठ गावात, पाच कृषी विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रावर, दोन पीक चिकित्सालयात, तीन कृषी उद्योगात, शेवटचा अहवाल आणि तोंडी परीक्षेचा.

खरा कस गावातल्या आठ आठवड्यांत लागतो. विद्यार्थी एका संपर्क शेतकऱ्याशी जोडला जातो आणि रोज दैनंदिनी लिहितो. सुरुवातीला गावची पाहणी: विहिरी कुठे, कोणत्या वस्तीला पाणी पोचत नाही, जमीन कोणाकडे किती. नकाशा रांगोळीने जमिनीवर काढतात, म्हणजे भोवती जमलेल्या बायाबापड्यांना तो तिथेच दुरुस्त करता येतो. जबलपूरकडे खरिपात धान, तेव्हा प्रात्यक्षिक धानाच्या बियाण्याचे. मिठाच्या पाण्यात बियाणे टाकले की पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात; मीठ पुरेसे झाले का, हे बटाटा टाकून पाहायचे. तो तरंगला की पाणी तयार. मग ते बियाणे साध्या पाण्याने धुऊन वाळवायचे. खर्च मिठाचा, आणि पटायला एकच बादली पुरते. पुस्तकात हे चार ओळींत असते. साठ वर्षांच्या शेतकऱ्यापुढे करताना विद्यार्थ्याची भंबेरी उडते, आणि ती उडावीच.

माझी तक्रार वेगळी आहे. आराखड्यात पीक संरक्षणाला एक आठवडा, माती सुधारणेला एक, जनावरांना एक. कीड काही वेळापत्रक पाहून येत नाही. त्या आठवड्यात खोडकिडा दिसला नाही तर विद्यार्थी तक्त्यावरची खोडकीड दाखवून मोकळा होतो.

इथे स्वयंसेवी संस्थांची कृषी विज्ञान केंद्रे उपयोगी पडतात. सगळीच केंद्रे विद्यापीठांची नसतात. काही संस्थांकडे आहेत. खर्च परिषदेचा, कारभार संस्थेचा. मंजूर पदे 16, त्यांत विषयतज्ज्ञ सहा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या केंद्रांवर देखरेख ठेवणारी 'अटारी' ही संस्था जबलपुरात, कृषी विश्वविद्यालयाच्याच आवारात आहे. तिच्या हद्दीत सतना जिल्ह्यातले मझगवाँ केंद्र येते. ते नानाजी देशमुखांच्या दीनदयाल शोध संस्थानचे. आपल्याकडचे अंबाजोगाईचे केंद्रही याच संस्थेचे. नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. चित्रकूट परिसरात त्यांनी सुशिक्षित जोडप्यांना मानधन देऊन खेड्यात राहायला पाठवले, समाजशिल्पी दांपत्य म्हणून. गावाशी असा जुना संबंध असलेल्या संस्थेकडे विद्यार्थी गेला, तर त्याला ओळख करून देणारे कुणीतरी आधीच तिथे असते, आणि तो परतल्यावर त्याचा अर्धवट प्रयोग पुढे पाहणारेही.

म्हणून केंद्र निवडायची मुभा असेल, तर विद्यार्थ्याने आधी एवढे विचारावे: गेल्या वर्षीच्या मुलांनी ज्या शेतात प्रयोग केला, तिथे यंदा काय पेरले आहे? ज्या केंद्राला उत्तर ठाऊक असेल, तिथे नाव द्यावे.