लाईट, खारा वारा आणि डिजिटल शाळा

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत गुरुजींनी लोखंडी कपाट उघडून प्रोजेक्टर दाखवला. जुन्या सतरंजीत गुंडाळलेला, स्क्रूंवर तांबूस गंज, पंख्याच्या जाळीत पांढरी पूड. “दोन पावसाळे काढले त्याने,” गुरुजी म्हणाले, म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसं. फाटकावरची ‘डिजिटल शाळा’ ही पाटी मात्र अजून ठसठशीत आहे.

शाळेत तंत्रज्ञान आणलं ते कोरोनाने, असं सर्रास म्हटलं जातं. पण शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा त्याच्या कितीतरी आधी डिजिटल म्हणून गाजली होती. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे शिक्षणाचं ऑनलाइन व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोडही कोरोनाच्या आधीचेच. रायगडच्या किनाऱ्यावर तर २०२० साली उलटंच घडलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. राज्यभर ऑनलाइन वर्गांची चर्चा रंगली होती, तेव्हा इथे फोन चार्ज कुठे करायचा हाच प्रश्न होता. जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिला ना डेटा लागत होता ना रेंज. जुना टीव्ही तेवढा हवा, आणि अर्थात लाईट.

‘घरात स्मार्टफोन आला म्हणजे शिक्षण घरी आलं’ हा गैरसमज जास्त चिवट आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं. समाजमाध्यमं पाहणारी ७६ टक्के. हे देशभराचे आकडे. कोळीवाड्यात प्रश्न आणखी साधा असतो. घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात. बाप पहाटे होडीवर गेला की गृहपाठाचा व्हॉट्सॲप मेसेजही त्याच्याबरोबर समुद्रात जातो.

मुलांच्या हाती यंत्र दिलं की ती आपोआप शिकतात, यावर तर देणगीदारांची नितांत श्रद्धा! पेरू देशाने ग्रामीण शाळांत मुलामागे एक लॅपटॉप वाटला. ३१९ शाळांमध्ये १५ महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलं पुढे गेल्याचं दिसलं नाही. याच्या उलट दिल्लीतला प्रयोग. तिथे सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. ‘माइंडस्पार्क’ या संगणक-कार्यक्रमाने प्रत्येक मूल नेमकं कुठे अडकलंय ते हेरलं आणि तिथूनच उदाहरणं दिली. शिवाय रोज पाऊण तास छोट्या गटात शिकवायला माणूस होता. साडेचार महिन्यांत गणितातली प्रगती इतर मुलांच्या सुमारे दुप्पट झाली. यंत्र दोन्हीकडे होतं. सहावीतल्या मुलाला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही, ही गोष्ट एकाच ठिकाणी कुणीतरी मान्य केली होती.

आता पैशाचं. यंत्र एकदा घेतलं की खर्च संपला, असं गावकऱ्यांनाही वाटतं. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान धरलेलं आहे. खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यात बसवायचं. देणगीदार टीव्ही देतो, फोटो काढतो. बिल मात्र शाळेच्या नावावर येतं. शिवाय खारा वारा. जून ते सप्टेंबर दमट हवेत मीठ सर्किटवर बसतं, आणि दुरुस्तीचा माणूस पनवेलहून यायचा.   

तंत्रज्ञान आलं की कमी शिक्षक पुरतील, हा हिशेब मला सगळ्यात घातक वाटतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे वर्ग चार आणि माणसं दोन. एक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाकडे. पडद्याचा खरा उपयोग इथे होतो, पण शिक्षकाला मोकळं करण्यासाठी, घरी पाठवण्यासाठी नव्हे.

प्रोजेक्टर सतरंजीत परत गेला. गुरुजींनी स्वतःचा फोन डब्याच्या आधाराने टेबलावर उभा केला. पहिली-दुसरीची पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून कविता ऐकू लागली. गुरुजी फळ्याकडे वळले आणि तिसरी-चौथीला हातच्याची वजाबाकी समजावू लागले. दहा मिनिटं सुरेख गेली. मग फोन वाजला आणि कविता थांबली. वरून माहिती मागवली होती. ऑनलाइन भरायची, आजच्या आज.