जुनी डबल केबिन घेताय?

उलवे, करंजाडे, तळोजा, द्रोणागिरी. नवी मुंबईत जिथे जिथे नवे खांब उभे राहतात, तिथे सकाळी एकाच घडणीची गाडी येऊन थांबते. पुढे चार दारं, आत पाच माणसं, मागे उघडा हौदा आणि त्यात केबलची भेंडोळी, शिडी, वेल्डिंगचा संच. कंपनी कोणतीही असो, साइटवर तिला कॅम्परच म्हणतात. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परने हा बाजार तेवढा व्यापला आहे. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. एखादं मोठं काम आटोपलं की ठेकेदार गाड्या काढायला लागतात आणि घेणारेही तयार असतात: मंडपवाले, नर्सरीवाले, सोलर पॅनल बसवणारे, आणि हल्ली शनिवार-रविवारी माळशेजला निघणारी हौशी मंडळीही.

यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, पेट्रोल घेऊ की डिझेल? पण पेट्रोल आहेच कुठे? कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटवे, टाटा झेनॉन, २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस, २०२२ मधली टोयोटा हायलक्स, आपल्या जुन्या बाजारात दिसणाऱ्या या सगळ्या गाड्या डिझेलच्या. हीच हायलक्स आखातात २.७ लिटर पेट्रोल इंजिनावर सर्रास धावते. दुबई-मस्कतला नोकरी करून आलेल्या रत्नागिरी-रायगडच्या कित्येकांनी ती चालवलेली असते, त्यामुळे तशीच गाडी इथेही मिळेल असं त्यांना वाटतं. तिथे पेट्रोल स्वस्त. आपल्याकडे पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात, २०१२ च्या उन्हाळ्यात, मुंबईत दोन्हींच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक फरक होता. अशा दिवसांत पेट्रोलवरची पिकअप काढून ती विकायची कुणाला?

आज तो फरक बराच आटला आहे. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला डिझेलवरचा व्हॅट २४ वरून २१ टक्क्यांवर आणि पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्क्यांवर आला. त्यानंतर २०२५ मध्ये पेट्रोल १०३ आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होतं. समजा, पेट्रोलची डबल केबिन मिळाली असती आणि ती लिटरला ९ किलोमीटर गेली असती, डिझेलची १२. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे डिझेलवर सुमारे सहा हजार रुपये वाचले असते. पण महिन्याला चारशेच किलोमीटर फिरणाऱ्याचे वाचले असते जेमतेम सोळाशे, म्हणजे वर्षाला एकोणीस-वीस हजार. एखादा टर्बो बसला किंवा चारही नोझल बदलायची वेळ आली, की ती बचत त्यातच जिरते. म्हणून ज्याचं फिरणं थोडं, त्याने डबल केबिनचा हट्ट मुळातच तपासून पाहावा. माल हलका आणि माणसं दोनच असतील, तर मारुती सुपर कॅरी किंवा पेट्रोल-सीएनजीवरचा टाटा एस पुरतो. त्यात मागची रांग नाही, पण दुरुस्ती सोपी. फक्त एप्रिल २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी घेतलीत, तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा बघून घ्या; पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं.

पाच माणसं, मागे माल आणि समोर बोरघाट असेल तर मात्र डिझेलच हवं. व्ही-क्रॉसचं जुनं २.५ लिटर इंजिन कमी फेऱ्यांतच ३२० न्यूटन-मीटर जोर देतं, त्यामुळे भरल्या गाडीने चढावर गिअरशी झटापट करावी लागत नाही.

तेव्हा पेट्रोल की डिझेल यापेक्षा कोणतं डिझेल, हा प्रश्न मोठा. देशभर प्रदूषणाचे बीएस-४ निकष एप्रिल २०१७ मध्ये लागू झाले आणि बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. जुन्या कॅम्परमधलं डीआय इंजिन आवाजी, मंद, धुरकट. पण त्याचा पंप यांत्रिक आहे आणि कर्जतच्या पुढेही कुठलाही मिस्त्री तो उघडून बसवतो. नंतरच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल प्रचंड दाबाने फवारलं जातं. इंजिन गुळगुळीत चालतं, पण भेसळीचं डिझेल किंवा पाणी त्याला सोसत नाही. बीएस-६ मध्ये त्यात काजळी पकडणारी डीपीएफ जाळी आली, काही गाड्यांत धूर स्वच्छ करणाऱ्या डीईएफ द्रवाची टाकीही. ही जाळी आपली काजळी स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन सलग आणि पुरेसं गरम चालावं लागतं. रोज वाशीच्या एपीएमसीतून तुर्भ्याला आणि तिथून परत, एवढंच ज्या गाडीचं आयुष्य, तिची जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग मालक जाळीच काढून टाकतो. हे ओळखायला सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचं. चांगल्या बीएस-६ गाडीचा पाइप आतून जवळजवळ स्वच्छ असतो. बोटाला काजळी लागली, तर जाळी काढलेली किंवा फुटलेली आहे असं धरून चाला.

माझं मत विचाराल तर शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने चांगली ठेवलेली बीएस-४ घ्यावी, आणि आठवड्यातून एकदा तरी द्रुतगती मार्गावर जाणाऱ्याने बीएस-६. बीएस-३ कितीही स्वस्त मिळाली तरी नको. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई करू नका असं न्यायालय म्हणालं, पण डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच उरलं. आपल्याकडे अशी बंदी नाही. मात्र मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमलेली आहे, आणि नवी मुंबई त्याच प्रदेशात येते.

दिल्ली पासिंगच्या गाड्या तिथल्या बंदीमुळेच इकडे स्वस्तात दिसतात. तिथल्या कोरड्या हवेत चासी कमी गंजते, हा त्यांचा खरा गुण. पण ना-हरकतीचा फॉर्म २८, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर यांचा हिशेब आधी करा. खासगी डिझेल गाडीवर आपल्याकडे किमतीनुसार १३ ते १५ टक्के कर आहे, पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

पाटीच्या रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तिथेच दरवर्षी पैसे जातात. व्ही-क्रॉस, हायलक्स बहुधा पांढऱ्या पाटीच्या, कॅम्पर पिवळ्या. जून २०२२ च्या दरांनुसार दीड हजार सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा ७,८९७ रुपये, तर साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा १६,०४९. अटल सेतूवर एका फेरीला कारला २५० रुपये, हलक्या व्यावसायिक गाडीला ४००. शिवाय पिवळ्या पाटीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस. उलट पांढऱ्या पाटीवर भाड्याने माल नेता येत नाही. लायसन्सची चिंता मात्र नको. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे.

आता प्रत्यक्ष गाडी. ती बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर इंजिन तुमच्यासाठी मुद्दाम तापवून ठेवलंय. चहा घ्या, दोन-तीन तासांनी परत या. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बहुधा नोझलकडे बोट दाखवतो, आणि थांबतच नाही असा पांढरा धूर असेल तर तिथूनच परत फिरा. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. भकभक धूर बाहेर आला, तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते आहे, म्हणजे इंजिनकाम आलंच.

साइटवरच्या गाडीचं मीटर फार फसवं. दुपारभर एसी लावून उभी राहिलेली गाडी किलोमीटर दाखवत नाही, इंजिन मात्र झिजत असतं. पायडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड, किल्लीचं भोक, हे वय सांगतात. ऑइल बदलल्याच्या पावत्या किलोमीटरने नव्हे, तारखेने वाचा.

मग खाली वाका. मागचे पाटे सपाट झालेत का, एखादा पाटा नंतर वाढवलाय का, हौदा आणि केबिन यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बघा. जास्त लादलेली गाडी इथे पकडली जाते. गाडी किती माल नेऊ शकते हे विकणाऱ्याला विचारू नका. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करा, आणि त्यात पाच माणसांचं वजनही बसवा. करंजा किंवा ससून डॉकवरून मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारट पाणी ठिबकून चासी हौद्याखालीच सडते. हौद्यातली मॅट उचला, खाली स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. चासीला ताजा काळा रंग दिसला तर कौतुक करू नका. पुरात बुडालेली गाडीही येते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ राहिलेली असते.

स्कॉर्पिओ कापून केलेली ‘पिकअप’ कुणी दाखवली तर वेळ घालवू नका. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असे बदल नोंदवलेच जात नाहीत. आणि घरी मोजपट्टी असेल तर ती सोसायटीच्या पार्किंगवर आधी फिरवा. व्ही-क्रॉस ५,२९५ मिलिमीटर, हायलक्स ५,३२५. आपल्याकडची पार्किंगची जागा पाच मीटर असते, कित्येकदा त्याहून कमी. नेरूळ-कोपरखैरणेतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत तर हौदा रस्त्यावरच राहील, आणि सेक्रेटरी पहिल्याच रविवारी दार वाजवेल.

टोकन देण्याआधी गाडीवरची ई-चलनं बघून घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी व्हाव्यात, आणि विकणाऱ्याचा फास्टॅग काचेवरून त्याच्यासमोर काढून त्याच्याच हातात द्यावा.